गाडीचं नाक आणि जालिंदररावांची मिशी

"माफ करा, पण आपल्या मिशीत धूर आहे," गाडी म्हणाली.

जालिंदर चौगुल्यांनी मिशीवरून हात फिरवला. कोल्हापुरात, त्यातून मंगळवार पेठेत, दुसऱ्याच्या मिशीबद्दल असं तोंडावर बोलून सुखरूप घरी जाणं अवघड आहे. पण बोलणारी गाडी त्यांची स्वतःची होती, नवीकोरी होती, आणि तिचा आवाज पुणेरी होता. पुणेरी आवाजावर हात उगारता येत नाही. तो आधीच माफी मागून मोकळा झालेला असतो.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एक्केचाळीस. बाळ सोबत असताना मर्यादा दहा आहे. आपण उतरावं, ही विनंती."

बाळ म्हणजे मागच्या सीटवर, बाळाच्या खुर्चीत, पट्टा लावून बसवलेली तीन किलोची गुळाची ढेप. तिला दुपट्यात गुंडाळून कानटोपरं घातलं होतं. गाडी खुर्चीतलं वजन बघते, चेहरा बघत नाही, हे जालिंदररावांनी पहिल्याच दिवशी हेरलं होतं. खरं बाळ अजून शर्वरीच्या पोटात होतं आणि शर्वरी घराच्या सोप्यात, दाराजवळ खुर्चीवर बसून भडंग खात होती.

शर्वरी ही त्यांची एकुलती लेक. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिची आई सहा वर्षांपूर्वी गेली होती आणि नवरा जहाजावर इंजिनिअर होता. बाळ जन्मेल तेव्हा आपण कुठल्या समुद्रात असू हे त्यालाही सांगता येत नव्हतं. त्यामुळे बाळाला दवाखान्यातून घरी आणायचं काम जालिंदररावांचं. तेवढ्यासाठी ही आपली आपण चालणारी गाडी घेतली होती. आणि ती त्यांना रोज खाली उतरवत होती.

"काय म्हणतंय नाक?" शर्वरीनं विचारलं.

"मिशी म्हणतंय."

"बरोबर आहे की. केस म्हणजे टेप असते पप्पा. महिन्याला जेमतेम बोटाच्या पेराचा अर्धा भाग वाढतो, आणि वाढताना जे रक्तात असेल, बाहेर हवेत असेल, ते धरून ठेवतो. तुमच्या मिशीचं टोक किती जुनं आहे?"

जालिंदररावांनी टोक चिमटीत धरून डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. ते आलं. ही मिशी त्यांनी पीळ देऊन कानाच्या रोखानं वळवलेली होती.

"दोन वर्षं असंल."

"आणि तुम्ही सोडली कधी?"

"पाच महिने झालं."

"मग टोकाला अजून ठाऊकच नाही तुम्ही सोडलीय ते."

त्या काळापर्यंत गाडीत सिगारेट ओढणं ही गोष्ट चुलीत हात घालण्याइतकी वेडगळ मानली जाऊ लागली होती. पण हे एका रात्रीत झालं नव्हतं. आधी पाट्या आल्या. मग दंड आला. पण पोलीस जवळ येईपर्यंत काच खाली व्हायची, धूर निघून जायचा आणि आत चौघं निष्पाप चेहऱ्यानं बडीशेप चघळत बसलेले असायचे. मग कायदा म्हणाला, डोकं गाडीच्या आत असताना ओढायचं नाही. लोकांनी डोकी बाहेर काढली. अंग आत आणि डोकं बाहेर अशी माणसं घेऊन गाड्या महामार्गावरून धावू लागल्या, तेव्हा डोकं आत आहे की बाहेर हे मानेच्या कितव्या मणक्यावरून ठरवावं, यासाठी एक समिती नेमावी लागली. समितीचा अहवाल यायच्या आधी नाक आलं.

नाक म्हणजे नखाएवढी चकती, आरशाच्या वर छतात बसवलेली. कुत्र्याच्या नाकात वास पकडणारी जी प्रथिनं असतात, तशी प्रयोगशाळेत वाढवून ती चकतीवर पेरलेली असतात. वासाचा रेणू येऊन चिकटला की चकतीतून वाहणाऱ्या विजेत बारीकसा फरक पडतो. अशा हजारो फरकांची मिळून एक रांगोळी तयार होते, आणि रांगोळी बघून नाक सांगतं, हा धूर तंबाखूचा, हा फोडणीचा, हा उदबत्तीचा. हे शेवटचं त्याला शिकवावं लागलं. सुरुवातीला लोक नवी गाडी घ्यायचे, पूजा करायचे, उदबत्ती ओवाळायचे, आणि गाडी हार घातलेल्या अवस्थेत स्वतःच्याच मालकाविरुद्ध तक्रार नोंदवायची. शर्वरीची नोकरी तीच होती. पुण्यात बसून ती नाकांना वास शिकवायची.

"म्हंजे गाडीत कुत्रं बसवलंय म्हण की," पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जालिंदरराव म्हणाले होते.

"फक्त नाक, पप्पा."

"मग भुंकाय पुण्याचा माणूस कशाला ठेवला?"

शर्वरी हसली होती. आणि हसता हसता तिनं त्यांना शिळ्या धुराबद्दल सांगितलं होतं. धूर काचेतून बाहेर जातो असं आपल्याला वाटतं. जातो तो डोळ्यांना दिसणारा. निकोटीन मात्र चिवट पाहुण्यासारखं मागं राहतं: सीटच्या फोममध्ये, छताच्या कापडात, सदऱ्यात, केसांत. गाड्यांच्या आणि गॅसच्या धुरातून हवेत नायट्रस आम्लाचा वायू आलेला असतो, त्याच्याशी त्याची हळूहळू जवळीक होते, आणि त्यातून नायट्रोसमाइन नावाची, कर्करोगाच्या घरची संयुगं जन्माला येतात. गाडी उन्हात तापली की हा सगळा संसार पुन्हा हवेत. मोठ्या माणसाचं एकवेळ निभावतं. पण तान्हं बाळ मोठ्यांच्या दुपटीहून भराभर श्वास घेतं, आणि हाताला लागेल ते तोंडात घालतं.

"तुम्हाला आठवतंय, गगनबावड्याच्या घाटात मी ओकायची?" शर्वरीनं विचारलं होतं.

न आठवायला काय झालं. जालिंदरराव तेव्हा वडाप चालवायचे, म्हणजे माणसं कोंबून गावोगाव नेणारी जीप. सुट्टीत शर्वरी पुढच्या सीटवर, त्यांच्या आणि कुठल्यातरी उतारूच्या मध्ये. एक बोटभर काच खाली, ओठांत सिगारेट. कुणी हरकत घेत नसे. उलट मागून एखादा म्हातारा म्हणायचा, "मालक, वास चांगला हाय, एक झुरका इकडं पन येऊ द्या." घाट सुरू झाला की पोरीचा चेहरा पांढरा पडायचा. जालिंदरराव जीप बाजूला घ्यायचे, तिची पाठ चोळायचे, लिंबू हुंगायला द्यायचे, आणि तिला बरं वाटेपर्यंत काळजीनं, जीपला टेकून, आणखी एक ओढायचे.

"ते घाटानं नव्हतं, पप्पा," शर्वरी म्हणाली होती.

तिनं तक्रार म्हणून नव्हतं सांगितलं. हवामान सांगावं तसं सांगितलं आणि भाजी निवडायला लागली. जालिंदररावांनी त्या संध्याकाळी सिगारेट सोडली. पंचेचाळीस वर्षांचा शिरस्ता. पेठेत कुणाचा विश्वास बसेना. पानपट्टीवाला तर घरी येऊन विचारून गेला, "काय चुकलं का आमचं?"

सोडणं जमलं, पण हात रिकामे झाले. सकाळच्या चहानंतरचा वेळ विशेष वाईट. मग त्यांनी हाताला काम लावलं. बागेत पाणी घालायचं, आई हौसाक्का चौऱ्याऐंशी वर्षांची, तिचा चष्मा पुसून द्यायचा, तिची औषधं काढून ठेवायची, तिची मिसरी भाजून कुटून द्यायची, तिचं लुगडं वाळत घालायचं. हौसाक्का म्हणायची, "जाल्या, सिगरेट सोडून तू सून झालास बघ."

आणि आता ही मिशी.

"काढतो," जालिंदरराव म्हणाले.

शर्वरीचा भडंगाचा हात थांबला. "पप्पा, लहान केली तरी चालेल हो."

"न्हाई. एकदा काढायची म्हटल्यावर मुळातनं."

मधूच्या सलूनमध्ये गर्दी नव्हती. मधूनं एप्रन झटकला, कैची उचलली, आणि "मिशी साफ" हे शब्द ऐकल्यावर ती परत ठेवली.

"कोण गेलं, मालक?"

"कोन न्हाई."

"मला परकं मानू नका."

"आरं, नाकामुळं काढायचीय. गाडीच्या."

मधूनं मान हलवली. दुःखात माणूस असंबद्ध बोलतो हे त्यानं पाहिलं होतं. कोल्हापुरात शहाणा माणूस पिळदार मिशी एकाच कारणानं उतरवतो: आई नाहीतर बाप गेल्यावर. जालिंदररावांचे वडील जाऊन वीस वर्षं झाली होती. तेव्हा हिशेब सोपा होता. मधूनं डोळे पुसत मिशी उतरवली, पैसे घेतले नाहीत, आणि जालिंदरराव रस्त्याला लागले तसं शटर अर्धं खाली ओढून तालमीत फोन केला.

जालिंदरराव वाटेत बाळासाठी साबण घेऊन घरी पोचले, तेव्हा दारात माणसं जमली होती. पुरुष टोप्या काढून उभे. तालमीची पोरं बांबू आणि मडकं घेऊन आली होती. पेठेत कुणी गेलं की तयारी तालमीची, आणि तालमीचं काम पहिल्यापासून चोख. शेजारच्या इंदूताई पदर तोंडाला लावून हुंदका देत आत शिरल्या आणि सोप्यात हौसाक्काच्या मांडीवरच अडखळल्या. हौसाक्का भाकरी आणि झुणका खात बसली होती.

इंदूताईंनी किंकाळी फोडली.

"काय गं, साप दिसला व्हय?" हौसाक्का म्हणाली.

"आक्का... तुमी..."

"मी काय?"

पुरुषांनी टोप्या परत घातल्या. शेवटी तालमीतल्या एकानं, वयानं मोठा म्हणून, घसा साफ केला. "आक्का, तुमी गेलायसा असं कळलं."

हौसाक्कानं घास गिळला. "कवा?"

"सकाळी."

"मला कुणी सांगितलं न्हाई." तिनं बांबूकडं बघितलं, मग आपल्या बिनमिशीच्या लेकाकडं. बराच वेळ बघितलं. "जाल्या, ह्यो तू हाईस व्हय? बारशाला दिसत हुतास तसा दिसाय लागलायस." मग गर्दीकडं वळून म्हणाली, "आलायसा तर आता च्या घिऊन जावा. बांबू हितंच ठेवा, वाया जायाचं न्हाईत."

चहा ठेवायला शर्वरी उठली. आणि दाराच्या चौकटीला धरून तिथंच उभी राहिली.

"पप्पा," ती म्हणाली, "गाडी काढा."

पुढचं सगळं भरभर झालं. शर्वरी मागच्या सीटवर, शेजारी जालिंदरराव. तालमीची पोरं सुतकी चेहऱ्यानं आली होती, ती मोटरसायकलींवर बसून पुढं रस्ता मोकळा करायला धावली. गाडीनं दारं लावली, शर्वरीचा श्वास ऐकला, आणि कायद्यात गरोदर बाई आणि बाळ एकाच कलमात येत असल्यामुळे आपलं कर्तव्य केलं.

"आपत्काल समजून निघत आहे. नोंद मात्र होईल. सोबतच्या गृहस्थांचा आकडा एकोणीस. मिशी गेल्याचं समाधान आहे. परंतु उरलेल्यातला बराचसा ताजा आहे. जळलेला तंबाखू. आज सकाळचा."

कळ येऊन गेली होती. शर्वरीनं डोळे उघडले आणि बापाकडं बघितलं. मिशीशिवाय त्या चेहऱ्यावर काही लपवायला जागाच उरली नव्हती.

"पप्पा?"

"न्हाई गं. शप्पथ."

"कुणाची?"

जालिंदररावांनी तोंड उघडलं. पण अशा वेळी लेकीची शपथ कशी घ्यायची?

"लहानपणी तुम्ही बडीशेप खाऊन माझीच शपथ घ्यायचात," शर्वरी म्हणाली. "मला वास यायचा. मी खोटंखोटं खरं मानायची." पुन्हा कळ आली. तिनं आधारासाठी हातानं चाचपडलं, तो त्यांच्या हातावर पडला, तसा तिनं त्यांचा हात बाजूला सारला आणि सीटची कडा घट्ट धरली. "आजच्या दिवशी तरी, पप्पा."

"तिनं नाकं शिकवलेली. नाक खोटं कसं बोलंल," एवढंच जालिंदररावांच्या डोक्यात घुमत राहिलं.

सिझेरियन करावं लागलं, मुलगी झाली. साडेतीन किलोची, गुळाच्या ढेपेपेक्षा अर्ध्या किलोनं जास्त. नर्सनं बाहेर येऊन सांगितलं, काचेआडून दाखवलं. बाळंतिणींच्या खोल्यांकडं जाणाऱ्या दाराला पण नाक होतं. जालिंदरराव त्या दारापाशी गेलेच नाहीत. दार काय म्हणेल ते लेकीला आत ऐकू गेलं असतं.

ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले. सकाळपासूनचं सगळं त्यांनी मनात उलगडून बघितलं. चहा घेतला. झाडांना पाणी घातलं. आईची कामं केली. मिशी काढली. यात सिगारेट कुठं? मग त्यांना भलतंच वाटायला लागलं. माणसं झोपेत चालतात. झोपेत बोलतात. आपण झोपेत ओढतो की काय? पंचेचाळीस वर्षांचा हात आहे, रात्री उठून एकटा जाऊन येत असेल. त्यांनी इंदूताईंच्या घरी फोन लावला आणि विचारलं, रात्रीचा मी कधी गल्लीत दिसतो का? इंदूताई म्हणाल्या, "दादा, तुमी जरा पडा. आज लई झालंय तुमाला."

स्वतःवरचा विश्वास उडण्याचा प्रकार विचित्र असतो. दुसऱ्यानं खोटारडं म्हटलं तर भांडता तरी येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाक्का आली. पणतीला बघायला म्हणून ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून, तालमीच्या एका पोराच्या मोटरसायकलवर मागं बसून. "लई हळू चालवतंय बेनं," तिनं उतरताना सांगितलं. मग लेकाच्या उतरलेल्या तोंडाकडं बघून म्हणाली, "हितं बाकावर काय बसलायस? चल की आत."

"तू जा. मी हितंच बरा."

हौसाक्का तरातरा दाराकडं गेली. दार उघडलं नाही. वर लाल दिवा लागला, आणि इथंही, कंत्राट बहुधा एकाच ठिकाणी दिलं असावं, तोच पुणेरी आवाज आला.

"क्षमस्व आजी. आपला आकडा चारशे बारा आहे."

कॉरिडॉरमधली सगळी माणसं वळली. एक नर्स धावत आली. तिनं आकडा बघितला, हौसाक्काकडं बघितलं, पुन्हा आकडा बघितला.

"आजी, तुम्ही ओढता?"

"ओढतो की. जल्मभर आडाचं पानी ओढलं."

"तसं नाही. सिगारेट, विडी?"

"थोबाड फुटंल," हौसाक्का म्हणाली. "चौऱ्याऐंशी वर्सांत तंबाखूला शिवलो न्हाई. ह्यो माझा ल्योक ओढायचा, तवा मी ह्येला सांगायचो, काय त्यो घाण धूर." आणि रागाच्या भरात, सवयीनं, तिनं कनवटीची पितळी डबी काढली, चिमूटभर काळी पूड तळहातावर घेतली, आणि बोटानं हिरडीवर घासायला लागली.

जालिंदरराव बाकावरून उठले. त्यांची नजर त्या बोटावर खिळली होती.

"आई. ही मिसरी कशाची असती?"

"मिसरीची. दात घासायची."

"ती खरी. पन कशाची करतीस?"

"तूच करतोस की रोज. पानं तव्यावर टाकायची, काळी हुस्तवर भाजायची..." हौसाक्काचं बोट तोंडात थांबलं. "तंबाखूची पानं."

रोज सकाळी, चहानंतर, हाताला काम हवं म्हणून, जालिंदरराव तव्यावर वाकून तंबाखूची पानं भाजत होते. धूर घरभर व्हायचा. मग ती खलबत्त्यात कुटायचे. पाच महिने. सिगारेट सुटावी म्हणून. दोघांपैकी कुणाच्याही, पेठेतल्या कुणाच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं की मिसरी म्हणजे तंबाखू. तंबाखू माणसं खातात, ओढतात. मिसरी दात घासायला असते. राखुंडी आणि पेस्ट यांच्या मधली ती एक जागा होती.

दाराच्या काचेपलीकडं आवाज झाला. गोंधळ ऐकून शर्वरी भिंतीला धरून हळूहळू आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. एक हात पोटाच्या टाक्यांवर दाबून ती हसत होती, आणि हसताना दुखत होतं म्हणून रडत होती, किंवा उलटं असेल.

जालिंदरराव काचेपाशी गेले. दारानं त्यांना एकोणीस सांगितलं. त्यांनी दाराकडं लक्ष दिलं नाही.

"पप्पा, मी रोज बघत होते," शर्वरी काचेच्या पलीकडून म्हणाली. "तुम्ही तव्यापुढं बसायचात, मी शेजारी बसून दूध प्यायचे. लहानपणापासून तो वास म्हणजे मला आजीचा वास. हजार वास शिकवले मी नाकाला, आणि हा एक मला वास वाटलाच नाही."

"नाक बरोबर निघालं तुझं."

"नाकाचं काही चुकलंच नव्हतं. ते म्हणालं, जळलेला तंबाखू. तुम्ही ओढलात असं ते म्हणालंच नाही. ते मी माझ्या पदरचं घातलं." तिनं काचेवर कपाळ टेकवलं. "गाडीत तुमचा हात बाजूला केला मी."

जालिंदररावांना काहीतरी मोठं बोलायचं होतं. मिशी असती तर तिच्यावरून हात फिरवून वेळ काढता आला असता. "घाटात तू ओकायचीस," ते म्हणाले, "तवा मी पन पदरचंच घातलं हुतं. घाटाचं नाव."

हौसाक्का मागं डबी हातात घेऊन उभी होती. डबी उघडीच होती.

पाचव्या दिवशी घरी जायची परवानगी मिळाली. जालिंदररावांनी मधल्या काळात घरी तवा लावला नव्हता, तीनदा न्हाऊन झालं होतं, नखं काढून झाली होती, इंदूताईंच्या यजमानांचा सदरा उसना आणला होता. दवाखान्याच्या फाटकाशी गाडी उभी. मागं खुर्चीत या वेळी खरं बाळ, शेजारी शर्वरी. जालिंदररावांनी पुढचं दार उघडलं, आत बसले, आणि श्वास रोखला, जणू श्वास रोखल्यानं आकडा कमी होतो.

"सात," गाडी म्हणाली. "अभिनंदन. पट्टा लावावा."

शर्वरीनं मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पाच महिने ज्या जागेसाठी घालवले ती हीच जागा. त्यांनी पट्टा ओढला. तो लागायच्या आधी त्यांना काचेतून आई दिसली.

हौसाक्का भिंतीला लागून उभी होती. नातीला आणायला येणारच म्हणून ती पहाटे उठून तयार झाली होती. डबी सोडून आजचा चौथा दिवस, आणि आकडा अजून दोनशेच्या वर. सत्तर वर्षांचं साठलेलं आहे, चार दिवसांत काय जाणार. तिनं गाडीकडं हात हलवला. "जावा तुमी. मी येतो मागनं. त्या पोराला बोलवतो."

"आज्जी एकटी येणार?" शर्वरी म्हणाली.

जालिंदररावांनी पट्टा सोडला.

"पप्पा, तुमचा सात आलाय की!"

"आलाय न्हवं? मग झालं तर." ते उतरले. गाडीला म्हणाले, "चालायच्या वेगानं चल. आमी दोघं संगं चालतो."

"मागून वाहतूक येत आहे," गाडी म्हणाली. "चालण्याच्या वेगासाठी एकच सोय उपलब्ध आहे. वरात."

"वरात तर वरात."

गाडी हलली. चारही कोपऱ्यांचे दिवे लुकलुकायला लागले, आणि टपावरच्या भोंग्यातून सनई सुरू झाली. शर्वरीनं आतून ती बंद करायचा प्रयत्न केला. सनई बंद होईना. वरात काढायची आणि सनई नको, असा माणूस कंपनीला कल्पनेत पण सुचला नव्हता. तिनं फक्त आवाज कमी केला आणि काचा घट्ट लावून घेतल्या.

असे ते पेठेकडं निघाले. एका बाजूला जालिंदरराव, दुसऱ्या बाजूला हौसाक्का काठी टेकत, मधे काचबंद गाडी. रस्त्यावरची माणसं थांबून नवरा-नवरी शोधायची. एका दुकानदारानं फुलं टाकली. मिरजकर तिकटीपाशी दोन अनोळखी पोरं सनई ऐकून थोडी नाचली, आत बघून ओशाळली, आणि मग तशीच नाचत राहिली.

"उद्या दात कशानं घासू?" हौसाक्कानं गाडीच्या टपावरून पलीकडं बघत विचारलं.

"पेस्ट आणतो."

"ती गोड असती."

"कडू बघून आणतो."

हौसाक्कानं काठी दुसऱ्या हातात घेतली. "चार दिस झालं, डोकं नुसतं भनभनतंय बघ," ती म्हणाली. "तुला पन असंच हुत हुतं?"

"लई दिस."

"मला म्हनला न्हाईस कवा."

"तू तवा मिसरी लावत हुतीस," जालिंदरराव म्हणाले, आणि दोघं हसली. ती हसताना थांबली, म्हणून गाडी पण थांबली. शर्वरीनं बाळाला उचलून काचेशी धरलं. हौसाक्कानं डोळ्यांवर हात धरून आत बघितलं. चार दिवसांत पहिल्यांदा इतक्या जवळून.

"हात लावता यायचा कवा मला?"

शर्वरीला काचेतून ऐकू गेलं नाही. जालिंदररावांनी हिशेब केला. स्वतःच्या मिशीचा, केसांचा, आईच्या वयाचा.

"दिवाळीपत्तर," ते म्हणाले.

"लांब हाय." हौसाक्कानं नाक काचेला लावलं. बाळानं जांभई दिली आणि काचेच्या त्या बाजूला बारीकसं धुकं उमटलं. "काय म्हंती?"

"काय न्हाई. झोपली."

"झोपू दे मग," हौसाक्का म्हणाली, आणि काठी पुढं टाकली. "हळूच चला. मला काय घाई न्हाई."